अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट: फ्रेमांमधला कोड बाहेर काढून व्हीएस कोडमध्ये लिहायचा आहे

निवडुंग

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं जण मिळून प्राथमिक शाळांसाठी मराठीतून धडे तयार करतो. जलचक्र, अपूर्णांक, जोडाक्षरांचे खेळ वगैरे. सगळं अ‍ॅनिमेट या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, एचटीएमएल५ कॅनव्हास (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या) प्रकारच्या फाइलींत. चित्रं आणि हालचाल एक जण बघतो, ध्वनी दुसरी बघते, कोड माझ्याकडे आहे.

धडे मोठे होत गेले तसा कोड टाइमलाइनभर पसरला. थोडा पहिल्या फ्रेमवर, थोडा एखाद्या मूव्ही क्लिपच्या आत, थोडा त्या क्लिपमधल्या बटणावर. अ‍ॅक्शन्स पॅनेलच्या चिंचोळ्या खिडकीत हे सगळं सांभाळणं अवघड झालंय. शिवाय मी कोड लिहीत असताना चित्रकार तीच फाइल उघडू शकत नाही, कारण दोघांनी सेव्ह केली की एकाचं काम जातं.

मला व्हीएस कोड या कोड एडिटरची सवय आहे आणि कोड तिथेच लिहायचा आहे. पब्लिश केल्यावर (ब्राउझरसाठी धडा तयार केल्यावर) मिळणारी जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट, फाइल तिथे उघडता येते, पण पुढच्या पब्लिशला ती पूर्ण नव्याने लिहिली जाते. मग कोड ठेवायचा कुठे? अ‍ॅनिमेटला बाहेरच्या फाइलबद्दल सांगायचं कसं? आणि आधीचा विखुरलेला कोड एका जागी कसा आणायचा? आमचे धडे पेनड्राइव्हवरून, इंटरनेट नसलेल्या शाळांतही चालायला हवेत, हेही लक्षात घ्या.

टेकडीवरचा

पब्लिश झालेल्या जेएस फाइलला हात लावू नका. ती अ‍ॅनिमेटने टाइमलाइनवरून तयार केलेली फाइल आहे. उघडून पाहिलीत तर तुमच्या प्रत्येक फ्रेमचा कोड ‘फ्रेम_०’, ‘फ्रेम_२४’ अशा नावांच्या फंक्शनमध्ये गुंडाळलेला आणि ट्वीनच्या साखळीत ओवलेला दिसेल. समजून घ्यायला ती वाचाच, पण बदल तिथे टिकणार नाहीत.

अ‍ॅक्शन्स पॅनेलच्या डाव्या झाडात सगळ्यात वर ‘ग्लोबल’ असतं. त्याखाली दोन खण आहेत, ‘इन्क्लूड’ आणि ‘स्क्रिप्ट’. इन्क्लूडमध्ये बाहेरची जेएस फाइल जोडता येते. पब्लिश झालं की एचटीएमएल उघडून त्या फाइलचा पाथ एकदा डोळ्यांनी बघून घ्या. तो पब्लिशच्या फोल्डरपासून सापेक्ष असायला हवा. तुमच्या संगणकावरच्या ड्राइव्हचं नाव त्यात दिसलं तर शाळेत धडा चालणार नाही.

आता रचना. बाहेरच्या फाइलीत एकच मोठं ऑब्जेक्ट ठेवा, समजा ‘जलचक्र’ नावाचं, आणि सगळी फंक्शन्स त्याच्या आत. फ्रेमवर फक्त एक ओळ राहील: जलचक्रचं ‘सुरू’ हे फंक्शन बोलवायचं आणि त्याला ‘धिस’ द्यायचा. फ्रेमवरच्या कोडमध्ये धिस म्हणजे ती टाइमलाइन, ती मूव्ही क्लिप. तुमच्या फंक्शनला ती हातात मिळाली की आतली बटणं, मजकूर, चित्रं सगळी मिळतात.

दोन गोष्टींवर लोक हमखास अडतात. पहिली, बाहेरची फाइल पान लोड होतानाच वाचली जाते आणि तेव्हा स्टेज तयार झालेलं नसतं. ‘एक्सपोर्टरूट’ हे मुख्य टाइमलाइन धरणारं व्हेरिएबलही तेव्हा रिकामं असतं. त्यामुळे या फाइलीत फक्त फंक्शन्स लिहून ठेवायची, चालवायची फ्रेमवरून. दुसरी, बटणाच्या क्लिकसाठी लिहिलेल्या फंक्शनमध्ये धिस बदलतो. ‘बाइंड’ करा, नाहीतर क्लिप आधी एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि तेच वापरा.

याचा सगळ्यात मोठा फायदा रोजच्या कामात आहे. बदल फक्त कोडमध्ये असेल तर पुन्हा पब्लिश करायची गरज नाही. व्हीएस कोडमध्ये सेव्ह करा, ब्राउझर रिफ्रेश करा. चित्रकार तेवढ्या वेळात एफएलए, म्हणजे धड्याची मूळ फाइल, उघडून बसलेला असला तरी चालतं.

ओवी

टेकडीवरचा यांच्याशी सहमत. फक्त इन्क्लूडऐवजी मी टेम्प्लेटचा रस्ता सुचवेन, विशेषतः धडे बरेच असतील तर.

पब्लिश सेटिंग्जमध्ये एचटीएमएल/जेएसच्या टॅबवर स्वतःचं टेम्प्लेट आयात करता येतं. अ‍ॅनिमेटचंच मूळ टेम्प्लेट निर्यात करा, व्हीएस कोडमध्ये उघडा आणि त्यात आपल्या फाइलींचे स्क्रिप्ट टॅग टाका. डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा जशाच्या तशा राहू द्या. पब्लिश करताना अ‍ॅनिमेट त्या जागा भरतं. मग प्रत्येक धड्यात इन्क्लूडची यादी वेगळी सांभाळावी लागत नाही. सगळ्या धड्यांना एकच टेम्प्लेट, आणि सामायिक कोडची फाइल एकाच जागी.

‘ओव्हरराइट एचटीएमएल’ची खूण काढून टाका असा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही. कॅनव्हासची रुंदी-उंची आणि पार्श्वभूमीचा रंग त्या एचटीएमएलमध्ये लिहिलेला असतो. उद्या चित्रकाराने स्टेजचा आकार बदलला की एचटीएमएल जुन्या मापाचं राहतं आणि चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

इंटरनेट नसलेल्या शाळांसाठी त्याच सेटिंग्जमध्ये ‘होस्टेड लायब्ररीज’ची खूण काढा. ती असेल तर क्रिएटजेएस ही धडा चालवणारी लायब्ररी इंटरनेटवरून मागवली जाते आणि नेट नसलं की पांढरं पान दिसतं. खूण काढली की लायब्ररीची फाइल धड्याच्या फोल्डरमध्येच येते.

निवडुंग

दोघांचेही मनापासून आभार. होस्टेड लायब्ररीजची खूण आमच्या निम्म्या धड्यांत तशीच आहे, आजच बदलते.

आता आधीच्या कोडचं सांगा ना कुणी. प्रत्येक फ्रेमवर जाऊन कॉपी-पेस्ट करायचं म्हटलं तर काहीतरी निसटणारच.

मूळाक्षर

निवडुंगताई, दोन उपाय आहेत.

सोपा उपाय आधी. एफएलए ही खरं तर झिप फाइल आहे. ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना ‘अनकम्प्रेस्ड डॉक्युमेंट’ निवडा, म्हणजे एक्सएफएल. अ‍ॅनिमेटचं नाव फ्लॅश होतं तेव्हाच्या सीएस५ आवृत्तीपासून ही सोय आहे. एका फाइलऐवजी फोल्डर मिळतो. त्यात मुख्य टाइमलाइनची एक एक्सएमएल फाइल आणि ‘लायब्ररी’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक सिम्बॉलची वेगळी एक्सएमएल फाइल असते. फ्रेमवरचा कोड त्यांत साध्या मजकुराच्या रूपात ‘अ‍ॅक्शनस्क्रिप्ट’ नावाच्या टॅगमध्ये असतो. कॅनव्हासच्या फाइलीतही टॅगचं नाव तेच. हा फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडून तो शब्द शोधा, कोड असलेली प्रत्येक जागा डावीकडे यादीत दिसेल. फक्त अ‍ॅनिमेट उघडं असताना या एक्सएमएलमध्ये काही बदलू नका. वाचा, शोधा, तेवढंच.

दुसरा उपाय जेएसएफएल, म्हणजे अ‍ॅनिमेटलाच चालवणारी स्क्रिप्ट. ती कुठल्याही एडिटरमध्ये लिहायची आणि ‘कमांड्स’ मेन्यूतल्या ‘रन कमांड’ने चालवायची. डॉक्युमेंटच्या टाइमलाइनवरचा प्रत्येक लेअर, त्यातली प्रत्येक फ्रेम घ्यायची आणि तिची ‘अ‍ॅक्शनस्क्रिप्ट’ ही प्रॉपर्टी रिकामी नसेल तर तो मजकूर एका फाइलीत लिहायचा. मग लायब्ररीतल्या प्रत्येक मूव्ही क्लिपच्या टाइमलाइनसाठी हेच. एक खबरदारी: लेअरच्या यादीत कीफ्रेममागच्या साध्या फ्रेमाही येतात आणि त्यांच्याकडून तोच कोड पुन्हा मिळतो. म्हणून फ्रेमची ‘स्टार्टफ्रेम’ तिच्या क्रमांकाइतकी आहे का ते बघून मगच लिहा. आणि फाइलचा पाथ नेहमीच्या विंडोज पद्धतीने चालत नाही, ‘फाइल’ने सुरू होणाऱ्या यूआरआय पद्धतीने द्यावा लागतो.

पडद्यामागचा

धागा वाचून राहवलं नाही. मी या कामात सीडीच्या काळापासून आहे, थोडं मागचंही सांगतो, कारण निवडुंग यांचा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

सीडीसाठी धडे बनवण्याच्या मॅक्रोमीडिया डिरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये स्टेज, स्कोअर आणि कास्ट अशी मांडणी असे. भाषा लिंगो, जॉन हेन्री थॉम्पसन यांनी घडवलेली. स्क्रिप्ट हीसुद्धा कास्टची एक सदस्य, चित्रांच्या आणि ध्वनींच्या शेजारी बसलेली. नवख्याला हे फार सोयीचं होतं. पण प्रकल्प वाढला की कोड त्या एका बंद फाइलीत अडकायचा. म्हणून डिरेक्टरने लिंक केलेल्या स्क्रिप्टची सोय दिली. स्क्रिप्ट बाहेर साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवायची, कास्टमध्ये तिचा फक्त दुवा.

मराठी सीडी करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. डिरेक्टरला युनिकोड यायला ११ वी आवृत्ती, म्हणजे २००८ साल उजाडलं. तोवर मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांच्या सांकेतिक अक्षरांत असे. डिरेक्टरमध्ये फॉन्ट लावलेला म्हणून ‘पाऊस’ दिसायचं, पण तोच मजकूर बाहेरच्या एडिटरमध्ये उघडला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिड ढीग. त्यामुळे कोड बाहेर आणि मराठी मजकूर आत, अशी फाळणी करणंच शहाणपणाचं होतं.

फ्लॅशमध्येही ‘इन्क्लूड’ची आज्ञा होती. फ्रेमवर तेवढी एक ओळ, बाकी सगळं एएस फाइलीत. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला तर चूक यायची. फ्लॅश एमएक्सच्या काळात बाहेरच्या फाइलीत देवनागरी लिहायची तर पहिल्या ओळीत यूटीएफ८ असल्याचं सांगणारी एक ठरावीक टिप्पणी द्यावी लागे. ती विसरली की पडद्यावर कचरा. पुढे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ मध्ये क्लास बाहेरच्या फाइलीतच लिहिण्याचं बंधन आलं. २००७ च्या सीएस३ पासून अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आणि डॉक्युमेंट क्लास आला आणि मुख्य टाइमलाइनवर एक अक्षरही न लिहिता अख्खा प्रकल्प करता येऊ लागला. विंडोजवर फ्लॅशडेव्हलप नावाचा मोफत, मुक्तस्रोत एडिटर होता. त्यात कोड लिहिण्याचं सुख वेगळंच होतं. क्लासचं नाव टाइप करायला सुरुवात केली की इम्पोर्टची ओळ तो स्वतःच घालायचा.

मग डिरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर चालवणंच बंद केलं. त्या वेळी ज्यांचा कोड साध्या टेक्स्ट फाइलींत होता, त्यांना निदान तो वाचता आला. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आणि जावास्क्रिप्ट एकाच घराण्यातल्या, त्यामुळे प्रश्नमंजूषेचं गुणांकन, अपूर्णांकांची गणितं असा बराच भाग थोड्या फेरफाराने नव्या रूपात आणता आला. ज्यांचं सगळं जुन्या एफएलएच्या फ्रेमांत होतं त्यांना आधी ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर शोधावं लागलं. मुलांसाठी केलेलं कितीतरी सुंदर मराठी काम असं कपाटात पडून आहे, याचं मला फार वाईट वाटतं. निवडुंग, तुम्ही आत्ताच हे करताय ते फार चांगलं आहे.

रंगरेषा

मी चित्रकारांच्या बाजूने बोलते. सगळाच कोड बाहेर नेऊ नका.

टाइमलाइनवर ‘इथे थांब’, ‘इथून आवाज सुरू’ अशा ज्या ओळी असतात त्या हालचालीच्या वेळेशी बांधलेल्या असतात. ढग येतो, थेंब पडतो, थांबायचं. थेंबाची फ्रेम मी चार घरं पुढे सरकवली तर थांबायची आज्ञाही माझ्यासोबत सरकली पाहिजे. ती बाहेरच्या फाइलीत फ्रेम क्रमांकाने लिहिलेली असेल तर मला कळतही नाही की मी काही मोडलंय. अशा प्रकल्पात काम केलंय. तिथे फ्रेम हलवायला प्रोग्रामरची परवानगी घ्यावी लागायची आणि शेवटी मी हालचाल सुधारणंच सोडून दिलं होतं.

म्हणून वेळेशी संबंधित ते टाइमलाइनवर ठेवा आणि विचाराशी संबंधित ते बाहेर न्या. बाहेरून एखाद्या फ्रेमवर जायचं असेल तर क्रमांक कधीच वापरू नका, लेबल वापरा. शिवाय क्रिएटजेएसमध्ये फ्रेम शून्यापासून मोजतात आणि अ‍ॅनिमेटच्या पट्टीवर एकपासून, त्यामुळे क्रमांक लिहिला की एकाचा फरक पडतोच. ‘पाऊस_सुरू’ अशी लेबलं दोघांनाही वाचता येतात.

टेकडीवरचा

+१. रंगरेषा यांचं म्हणणं माझ्या वरच्या प्रतिसादात यायला हवं होतं. ‘स्टॉप’ टाइमलाइनवरच.

अनुस्वार

मराठी मजकुराबद्दल थोडं लिहितो. धडे जोडाक्षरांचे आहेत म्हटल्यावर हे लागणारच.

मजकूरही कोडमधून वेगळा काढा, म्हणजे भाषा तपासणाऱ्या शिक्षकांना कोडला हात न लावता शुद्धलेखन सुधारता येईल. पण पेनड्राइव्हवरून चालवायचं असेल तर मजकूर जेसन फाइलीत ठेवू नका. पान थेट फाइलवरून उघडलं की ब्राउझर जेसन वाचू देत नाही. तोच मजकूर जेएस फाइलीत एक ऑब्जेक्ट म्हणून ठेवा आणि स्क्रिप्ट टॅगने जोडा, ते चालतं. तुमच्या संगणकावर लोकल सर्व्हरवरून पाहताना दोन्ही चालतात, त्यामुळे ही अडचण शाळेत गेल्यावरच कळते.

फॉन्टचं बघा. कॅनव्हासवर एकदा काढलेला मजकूर फॉन्ट नंतर आला तरी आपोआप बदलत नाही. मुक्ता किंवा बालूसारखा वेबफॉन्ट वापरत असाल तर धडा सुरू करण्याआधी ‘डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स’चं ‘लोड’ बोलवून तो फॉन्ट नावाने मागवा. ‘रेडी’ची वाट बघून भागत नाही, कारण पानावर तो फॉन्ट दुसरीकडे कुठे वापरलेलाच नसेल तर ब्राउझर तो मागवतच नाही.

अक्षरं एकेक करून उमटवायची असतील तर स्ट्रिंग सरळ तोडू नका, ‘क्षितिज’चे तुकडे क, ्, ष, ि असे पडतात. ‘इंटल’मधला ‘सेगमेंटर’ वापरा. जुन्या ब्राउझरांत तो हलंतानंतर तोडतो, तेव्हा तुकडा हलंताने संपत असेल तर पुढच्या तुकड्याला जोडून घ्या.

आणि सगळ्यात छळणारी गोष्ट. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली तर वेगळे. मुलाने बरोबर उत्तर लिहिलं आणि धडा ‘चूक’ म्हणाला, असं होऊ शकतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन इथे उपयोगी पडत नाही, तुम्हालाच दुसरं रूप बदलून पहिलं करावं लागेल. ती खूण नुसती पुसून टाकू नका, नाहीतर दऱ्यांचा दर्या होतो. व्हीएस कोड अशा अदृश्य अक्षराभोवती चौकट दाखवतो. अ‍ॅक्शन्स पॅनेलमध्ये मी हे कधीच पकडू शकलो नसतो.

खडूफळा

तुम्ही नव्यानेच सुरू करत असाल तर गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरचाही विचार करा. एडिटर सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट एडिटर’खाली ‘एक्स्टर्नल’ आहे, तिथे व्हीएस कोडचा पाथ दिला की स्क्रिप्टवर दोनदा क्लिक केल्यावर थेट तिथे उघडते. स्क्रिप्ट मुळातच वेगळ्या फाइलीत असते. सीनच्या आत दडवलेली ‘बिल्ट-इन’ स्क्रिप्ट मात्र बाहेर उघडत नाही. ४.४ आवृत्तीपासून प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एक यूआयडी फाइल असते. बाहेरून स्क्रिप्ट हलवलीत तर तीही सोबत न्या.

ओवी

गोडो चांगलं आहे, पण यांचे धडे तयार आहेत आणि चित्रकाराचा हात अ‍ॅनिमेटवर बसलेला आहे. चालू काम मोडून नव्या सॉफ्टवेअरवर जाण्याचं कारण मला इथे दिसत नाही.

निवडुंग, व्हीएस कोडला क्रिएटजेएसची ओळख करून द्यायला विसरू नका. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावर क्रिएटजेएसच्या टाइप्सची पॅकेजेस मिळतात. ती बसवा आणि प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘जेएसकॉन्फिग’ची फाइल ठेवून ‘चेकजेएस’ सुरू करा. मग मूव्ही क्लिपपुढे टिंब दिलं की उपलब्ध फंक्शन्सची यादी येते आणि नावातली चूक चालवण्याआधीच लाल रेघेने दिसते. शाळेच्या जुन्या संगणकावर जागेवरच काही दुरुस्त करायचं असेल तर तिथे नोटपॅड++ पुरेसा आहे.

निवडुंग

जलचक्राचा धडा नव्या पद्धतीने लावला! जेएसएफएलने कोड काढला, तेव्हा कुणालाच आठवत नसलेली तीन-चार फंक्शन्सही सापडली. थांबे आणि लेबलं टाइमलाइनवर ठेवली, चित्रकार खूश आहे.

आता दोन अडचणी. व्हीएस कोडमध्ये बदल करून रिफ्रेश केलं तरी कधीकधी जुनाच कोड चालतो. आणि ‘पुन्हा बघा’ बटण दाबून सुरुवातीला आलं की त्यानंतर प्रत्येक क्लिकला आवाज दोनदा, मग तीनदा वाजतो. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काय ठेवायचं, हेही सांगा.

टेकडीवरचा

जुना कोड कॅशमधून येतोय. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडी ठेवून ‘नेटवर्क’च्या टॅबवर कॅश बंद करा. आपल्या फाइलींना टेम्प्लेटमध्ये आवृत्ती क्रमांक जोडलात तर शाळेतही ही अडचण येणार नाही.

आवाजाचं कारण असं की फ्रेमवर प्रत्येक वेळी परत आलं की तिथला कोड पुन्हा चालतो. म्हणजे तुमचं ‘सुरू’ फंक्शन पुन्हा बोलावलं जातं आणि बटणावर आणखी एक लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) बसतो. फंक्शनच्या सुरुवातीला क्लिपवर ‘जोडणी_झाली’ अशी खूण बघा. ती असेल तर लिसनरचा भाग वगळा, नसेल तर ती लावा आणि पुढे जा. गुण शून्यावर आणणं, मजकूर भरणं असं दर फेरीला लागणारं काम मात्र त्या तपासणीच्या बाहेर ठेवा.

मूळाक्षर

गिटमध्ये बाहेरच्या जेएस फाइली, मजकुराच्या फाइली, टेम्प्लेट आणि जेएसएफएल नक्की ठेवा. पब्लिशचा फोल्डर वगळा, तो केव्हाही पुन्हा तयार होतो. मात्र हाताने लिहिलेल्या जेएस फाइली त्याच फोल्डरमध्ये असतील तर आधी त्यांच्यासाठी वेगळा उपफोल्डर करा, नाहीतर त्याही वगळल्या जातील. एफएलए ठेवा, पण त्यात दोघांनी केलेले बदल गिटला एकत्र करता येत नाहीत, म्हणून एका वेळी एकानेच ती उघडायची असं आपसात ठरवा. एक्सएफएलमध्ये फरक दिसतो खरा, तरी टाइमलाइनच्या एक्सएमएलमधले झगडे हाताने सोडवायला जाऊ नका.

आणि चित्रकाराला एक सांगून ठेवा. बाहेरच्या कोडला क्लिपचं लायब्ररीतलं नाव दिसत नाही, प्रॉपर्टीज पॅनेलमधलं इन्स्टन्सचं नाव दिसतं. क्लिप काढून नवी ठेवली की ते नाव पुन्हा टाकावं लागतं.